पाय ओढला म्हणजे चेष्टा केली? मुलांना इंग्रजी वाक्प्रचार कसे समजवावेत

तापीकाठची

नमस्कार मंडळी. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणासाठी, यंदाही सगळे भाऊबंद गावी जमले होते. पुण्याहून धाकटे दीर-जाऊ आणि त्यांचा मुलगाही आला होता. तो तिकडे इंग्रजी शाळेत सातवीला आहे. माझी लेक इथे शिरपूर तालुक्यात सहावीला, सेमी-इंग्रजीला. दोघांची चांगली गट्टी आहे.

रविवारी संध्याकाळी पोरं ओट्यावर बसली होती. तो हिला म्हणाला, "पेपरात आलंय, पुढच्या महिन्यापासून सेमीच्या मुलांना रविवारीही शाळा." हिचा चेहरा पडला. मग तो हसत म्हणाला, "आय वॉज जस्ट पुलिंग युवर लेग!" त्यासरशी हिने दोन्ही पाय झटकन फ्रॉकखाली ओढून घेतले. ओट्यावरची सगळी पोरं हसली. ती आत आली आणि मी मोरीत भांडी विसळत होते तिथे माझ्या पाठीला टेकून उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मम्मी, त्याने पाय धरलाच नव्हता."

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. रात्री तिची वही उघडून बघितली. घटक चाचणीसाठी बाईंनी 25 वाक्प्रचार दिले होते. त्यात चौथ्या क्रमांकावर हाच, समोर अर्थ 'चेष्टा करणे', आणि चाचणीत तिला त्याचा पूर्ण गुणही मिळालेला. म्हणजे अर्थ तिला पाठ होता. तोच वाक्प्रचार समोरच्या माणसाच्या तोंडून आला तेव्हा तिला तो ओळखू आला नाही.

आमच्या घरात आबा आणि आजी अहिराणी बोलतात, आम्ही दोघं मराठी, शाळेत मराठी अधिक इंग्रजी. मी स्वतः बारावीपर्यंत शिकले आहे, इंग्रजी वाचून समजतं. तिला शिकवायची माझी तयारी आहे, वेळही आहे. पण सुरुवात कुठून करू? यादी पाठ करून घेणं पुरत नाही, एवढं त्या ओट्यावर कळलं. तुम्ही तुमच्या मुलांना कसं शिकवलंत ते सांगा.

वाचनवेडी

पाय फ्रॉकखाली ओढून घेतले, हे वाचून पोटात कालवलं. माझ्याही मुलाचं असंच होतं. वाचतेय.

फळा_खडू

ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, सातपुड्याच्या पायथ्याला. माझ्या वर्गात कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी पावरी, कुणाच्या घरी भिली. शाळेतली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून हा प्रश्न आमच्यासमोर रोजचाच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या लेकीचं काही चुकलं नाही. शब्द कानावर आला की आधी त्याचा सरळ अर्थ उभा राहणार. यादीत वाक्प्रचार एकटा असतो. तो कोण म्हणतंय, कोणत्या सुरात, आधी काय घडलं, यातलं काहीच यादीत नसतं. ओट्यावर मात्र सगळं होतं, फक्त यादी नव्हती. दोन्हींची गाठ पडली नाही.

मी पहिल्या दिवशी इंग्रजीचं पुस्तक उघडतच नाही. मुलांना म्हणतो, घरी मोठी माणसं हात, पाय, नाक, कान, पोट घेऊन काय काय बोलतात ते सांगा. मग पाऊस पडतो. नाक मुरडलं, कान फुंकले, तोंडचं पाणी पळालं, पोटात गोळा आला, हातावर तुरी दिल्या. एकेक घेऊन विचारतो, खरंच असं झालं का? चोर पोलिसाच्या हातावर तूर ठेवून पळाला का? मुलं म्हणतात, नाही सर, निसटला. कागदाला मधोमध घडी घालायची. डाव्या बाजूला शब्द जे सांगतात त्याचं चित्र, उजव्या बाजूला खरं घडलं त्याचं. डाव्या बाजूला तुरीचे दाणे ओंजळीत, उजवीकडे पळणारा चोर. ज्याच्या घरी पावरी बोलतात तो आधी पावरीत सांगतो आणि बाकीचा वर्ग ओळखतो. त्या दिवशी वर्गात सगळ्यात मोठा तोच असतो.

हे झालं की मुलांच्या लक्षात येतं की शब्द एक बोलायचे आणि भलतंच समजायचं, हे काम आपण आईच्या मांडीवर असल्यापासून करत आलोय. मग इंग्रजी परकी वाटत नाही.

त्यानंतर आठवड्याला एकच इंग्रजी वाक्प्रचार. अर्थ मी सांगत नाही. तीन छोटे प्रसंग सांगतो, तिन्हीत तो वाक्प्रचार येतो, अर्थ मुलांनी काढायचा. मग चौथा प्रसंग त्यांनी रचायचा. त्या आठवड्यात मी स्वतः दिवसातून दोन-तीनदा तो सहज बोलण्यात आणतो. वर्षाला पंचवीस-तीसच होतात. पण ते टिकतात.

आणखी एक. वाक्प्रचारातले शब्द बदलता येत नाहीत, हे मुलांना मराठीतूनच चांगलं पटतं. 'हातावर तुरी दिल्या' म्हणतात, 'हातावर हरभरे दिले' म्हटलं की सगळा वर्ग ओरडतो. तसंच 'पुलिंग माय लेग'मध्ये पाय एकच. दोन्ही पाय म्हटले की गाडी पुन्हा सरळ अर्थावर जाते. काळ बदलेल, 'माय'चं 'हर' होईल, बाकी जसंच्या तसं.

भुसावळकर

सर, तुमची तळमळ मान्य. पण पालक म्हणून माझी बाजू मांडतो. मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेला बसतोय. वर्षाला तीस वाक्प्रचारांनी त्याचं भागणार नाही. परीक्षेत प्रसंग विचारत नाहीत, चार पर्याय देतात. माझ्या वडिलांनी माझ्याकडून मराठीचे वाक्प्रचार पाठ करून घेतले होते, रोज दहा, रात्री झोपण्याआधी. तेव्हा निम्मे समजले नव्हते, पुढे वाचताना एकेक उलगडत गेले. पाठांतर म्हणजे बियाणं आहे. आधी पेरलेलं असलं तर पाऊस आल्यावर उगवतं. यादीला इतकं नावं ठेवू नका.

तापीकाठची

भुसावळकर दादा, नावं नाही ठेवत. तिला तो गुण मिळाला याचाही मला आनंदच आहे. पण ते बियाणं डब्यातच राहिलं ना. पाऊस आला आणि ती ओट्यावरून उठून आत आली. पाठांतर आणि प्रसंग दोन्ही चालतील, पण पाठांतर झालं की 'येतंय हिला' म्हणून मी निवांत बसले होते, ते मला सलतंय.

सर, कागदाची घडी घालून आज सुरुवात केली. 'पोटात गोळा येणे' तिने स्वतःहून निवडला. डावीकडे पोटात चक्क गोटी काढली, उजवीकडे ती स्वतः, हातात गुणपत्रिका. मग मी सांगितलं की इंग्रजीत याच वेळी पोटात फुलपाखरं उडतात म्हणतात. ती म्हणाली, "गोळा जास्त खरा आहे. पण फुलपाखरं पण बरोबर आहेत, गुदगुल्या होतात तसं होतं." मला वाटतं गोळ्यात भीती जास्त आहे आणि फुलपाखरांत थोडी उत्सुकताही आहे. बरोबर का सर?

फळा_खडू

अगदी बरोबर. आणि हे तिला कुणी शिकवलं नाही, तिने तोलून बघितलं. असंच करत राहा.

रावेरचा_बागाईतदार

मी काही शिक्षक नाही, केळी आणि दादर (रब्बी ज्वारी) करणारा माणूस. दोन नातू जळगावला शिकतात, सुट्टीत मळ्यात येतात. ते इंग्रजीतलं काही विचारतात तेव्हा मला जाणवतं की इंग्रजांचं अर्धं बोलणं शेतातूनच आलंय. पोरांना मळ्यात न्या, पुष्कळ वाक्प्रचार आपोआप समजतात.

'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' हे थोरल्याला पाठ होतं, अर्थ सांगायचा 'संधीचा फायदा घेणे'. मी म्हटलं, यातलं 'हे' म्हणजे काय रे? म्हणे गवत. मी त्याला गंजीपाशी नेलं. फाल्गुनात दादर काढली की कडबा रानात वाळत पडतो. तेव्हा आभाळ भरून आलं की घरातली सगळी, बाया-माणसं-पोरं, हातातलं टाकून पेंढ्या बांधायला धावतात. कडबा एकदा भिजला की काळा पडतो, बुरशी धरतो, बैल त्याला तोंड लावत नाही आणि वर्षाची वैरण गेली. तिकडे विलायतेत तर उन्हाचे दिवसच मोजके. त्यांना वाळलेल्या गवताची केवढी काळजी असेल! त्यानंतर नातू म्हणाला, "आजोबा, मग हे फायदा घेणं नाही, हे वेळेत काम उरकणं आहे." माझं म्हणणं हेच. आपल्याकडे 'वाहत्या गंगेत हात धुणे' म्हटलं की त्यात थोडा आपमतलबीपणा येतो. कडबा झाकणाऱ्या माणसाला कुणी आपमतलबी म्हणेल का?

दुसरा, भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नये, हा. हा समजावा म्हणून मी दोघांना दत्तजयंतीला सारंगखेड्याला घेऊन गेलो. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, घोड्यांचा मोठा बाजार. तिथे घोडं घेणारा माणूस आधी काय करतो? एका हाताने खालचा जबडा धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ओठ वर करतो आणि दात बघतो. घोड्याचे पुढचे पक्के दात जोडीजोडीने येतात. अडीच वर्षांच्या सुमाराला पहिली जोडी, मग दरसाल एकेक, पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यापुढे दात किती झिजले त्यावरून वय काढतात. वय कळलं की किंमत ठरली. मग मी विचारलं, पैसे देऊन घेतलेल्या घोड्याचे दात बघावेत, पण कुणी प्रेमाने दिलेल्या घोड्याचे तिथेच, त्याच्यासमोर तोंड उघडून बघितले तर देणाऱ्याला काय वाटेल? धाकटा लगेच म्हणाला, "वाढदिवसाच्या भेटीवरची किंमत बघण्यासारखं."

आपल्याकडेही आहेच की, 'धर्माची गाय अन् दात का नाय'. बैलाचेही आपण दातच बघतो, दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळला. हे दोन्ही इंग्रजी बोल 1546 साली तिकडे छापलेल्या म्हणींच्या संग्रहात आहेत. पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा तिकडचा शेतकरी आणि माझे वडील जनावराच्या तोंडात एकाच नजरेने बघत होते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हां, केळीवाल्याच्या घरात 'गो बनानाज' आल्याशिवाय राहत नाही. त्याचा अर्थ आनंदाने किंवा रागाने भान सुटणं. त्याचा केळीशी काय संबंध ते मला नातवाला सांगता आलं नाही. ते तसंच शिकवलं.

वाचनवेडी

काका, दात बघण्याचं पहिल्यांदाच कळलं. 'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ' यातूनच आलं असेल का?

रावेरचा_बागाईतदार

ते शर्यतीवाल्यांचं बोलणं आहे बाई. कोणता घोडा जिंकणार याची बातमी तबेल्यातल्या माणसाकडून कळली तर पक्की. मग थेट घोड्यानेच सांगितली म्हणजे त्याहून पक्की. ज्याची गोष्ट त्याच्याच तोंडून कळली, असा अर्थ.

अमळनेरची_मावशी

सगळ्यात अवघड कोणता गेला ते सांगते, म्हणजे 'ब्रेक अ लेग'. भाची स्नेहसंमेलनात नाटकात होती. इंग्रजीच्या बाई तिला म्हणाल्या, "ब्रेक अ लेग!" तिने घरी येऊन तो अर्थासकट सांगितला तर आमच्या आईचा पारा चढला. "लेकराला पाय मोड म्हणते? वर शुभेच्छा म्हणे!" भाचीलाही ते मनातून पटलं नव्हतं. चांगलं व्हावं म्हणून वाईट का बोलायचं?

मी दोघींना स्वयंपाकघरात घेऊन बसले. आईला विचारलं, गणपतीपुढे नारळ फोडला की तू काय म्हणतेस? आई म्हणाली, नारळ वाढवला. वाढला का तो? दोन तुकडे झाले. बांगडी फुटली तर? वाढवली. दुकानदार रात्री दुकान बंद करतो तेव्हा? दुकान वाढवलं. घरातून निघताना 'जाते' म्हणू देतेस का मला? 'येते' म्हणायचं. दिवा विझव म्हणू देतेस? आई एकेकाचं उत्तर देत गेली आणि मग गप्प झाली.

भाचीला मी सांगितलं, अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून आपण फुटण्याला वाढणं म्हणतो. नाटकवाल्यांचं उलटं आहे. शुभ बोललं तर दृष्ट लागेल अशी त्यांची भीती, म्हणून ते मुद्दाम वाईट बोलतात. लेकराला काजळाची तीट लावतो तसंच हे. हा वाक्प्रचार नेमका कुणी काढला याच्या खूप कथा फिरतात, मी तिला एकही सांगितली नाही. तीट पुरेशी होती. आईनेच शेवटी म्हटलं, "मंग ती बाई चांगलं बोलनी."

आणि भाचीला एवढं बजावलं की हे रंगमंचावर जाणाऱ्याला म्हणायचं. शर्यतीत पळणाऱ्याला किंवा दवाखान्यात निघालेल्या माणसाला म्हणायचं नाही. कुठे वापरायचं नाही हे अर्थाइतकंच शिकवावं लागतं.

धुळेकर_सध्या_पुण्यात

मावशी, तुम्ही कथा सांगितली नाही हे फार बरं केलंत. मी त्यावरच लिहायला आलो होतो. मोबाईलवर फिरणारा तो मजकूर सगळ्यांनी वाचला असेल, की जुन्या इंग्लंडात गवताची छपरं होती, त्यावर कुत्री-मांजरं झोपायची, पाऊस आला की घसरून खाली पडायची, म्हणून 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. ही कथा खोटी आहे. शाकारलेल्या छपरावर कुत्री झोपायला जात नाहीत, हे आपल्या गावातल्या कुठल्याही पोराला माहीत आहे. 1738 सालच्या छापील इंग्रजीत हा वाक्प्रचार आजच्याच रूपात सापडतो, पण त्याचं मूळ ठरलेलं नाही. मुलांना सरळ सांगावं, हे कुठून आलं ते कळलेलं नाही. खोटी गोष्ट गोड असली तरी खरी म्हणून देऊ नये, कारण ते मूल ती पुढे दहा जणांना सांगतं.

त्याऐवजी मुलांना 'मुसळधार' दाखवा. हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यात मुसळ आहे हे दिसतच नाही. आमच्या धुळ्याच्या घरी माळ्यावर आजीचं मुसळ होतं. मुलाला ते उचलायला लावलं, मग खिडकीतून पाऊस दाखवला. एवढी जाड धार! तेव्हा त्याला कळलं की मराठी माणूसही आकाशातून भलतंच काहीतरी पाडतो.

आता माझा आवडता, 'वन्स इन अ ब्लू मून'. अर्थ क्वचित, आपलं 'सठीसामासी'. पण मुलगा विचारतो, चंद्र निळा असतो का? नसतो. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. हा अर्थ रूढ झाला तो 1946 साली अमेरिकेतल्या एका खगोल मासिकात पंचांगाचा नियम चुकीचा वाचला गेल्यामुळे. वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

आता आपली बाजू बघा. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. बारा महिन्यांचे 354 दिवस, वर्ष 365 चं. दरसाल अकरा दिवस उरतात. ते साठत साठत साधारण 32-33 महिन्यांनी एक आख्खा महिना जास्तीचा होतो, तो अधिक मास, आपला धोंड्याचा महिना. जावयाला 33 अनारशांचं वाण मिळतं तो. आणि एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा येतात त्याही याच उरलेल्या दिवसांमुळे, साधारण तितक्याच काळाने. 2023 आठवा. अधिक श्रावण होता. अधिक श्रावणाची पौर्णिमा ऑगस्टच्या सुरुवातीला आणि निज श्रावणाची 30-31 ऑगस्टला, राखीपौर्णिमेला. तो ब्लू मून होता. आकाशातला हिशोब एकच. इंग्रजाने त्यातून 'क्वचित' काढलं. आपण त्याच जास्तीच्या महिन्यातून 'दुष्काळात तेरावा महिना' काढला, कारण खायला नाही तिथे आणखी एक महिना काढायचा होता. खानदेशातल्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हे मी मुलाला कागदावर वजाबाकी करून दाखवलं. तो गणितात रमतो, भाषेत नाही. त्या दिवशी दोन्हीत रमला.

शांत_सावली

मी बरेच दिवस फक्त वाचत असते, आज लिहावंसं वाटलं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना शब्दाचा सरळ अर्थच आधी आणि पक्का लागतो. त्याला 'डोकं खाऊ नको' म्हटलं की तो घाबरायचा. मराठीतच ही अडचण, तर इंग्रजीत किती असेल.

फळा_खडू सर, तुमची दोन चित्रांची रीत चांगली आहे, पण माझ्या मुलाला ती उलटी पडली. डाव्या बाजूचं चित्रच त्याच्या डोक्यात राहिलं, पोटातला गोळा दिवसभर सोडेना. आमच्या स्पीच थेरपिस्ट ताईंनी सांगितलं की त्याला फक्त खऱ्या अर्थाचं चित्र द्या, आणि वाक्प्रचार बोलून झाल्याबरोबर साधं वाक्य जोडा. आता मी म्हणते, "इट्स अ पीस ऑफ केक, म्हणजे हे सोपं आहे." दरवेळी, न चुकता, न हसता. त्याला आता अकरा वाक्प्रचार कळतात. न समजल्यास त्याने हात वर करून "सरळ सांगा" म्हणायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

वर्गात असं एखादं मूल असेल तर इतरांना त्याच्यावर हसू देऊ नका, एवढीच विनंती. तापीकाठची ताई, तुमच्या लेकीने पाय ओढून घेतले ते वाचून मला माझं पोरगं दिसलं.

फळा_खडू

ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या वर्गात दोन मुलं अशी आहेत. दोघांनाही मी दोन चित्रंच देत होतो. उद्यापासून 'सरळ सांगा' आमच्या वर्गातही येईल, सगळ्यांसाठी.

मूळ प्रश्नात आणखी एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवतो. शब्द जुळतात आणि अर्थ फसवतो, असे जोड. 'पुलिंग समवन्स लेग' म्हणजे चेष्टा, पण मराठीत पाय ओढणं म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणं. लेक घाबरली ती यामुळेही असेल. 'वॉश युवर हँड्स ऑफ इट' म्हणजे जबाबदारी झटकणं. ते बायबलमधून आलंय, पिलाताने येशूच्या शिक्षेची जबाबदारी नको म्हणून लोकांसमोर हात धुतले. आपल्याकडे हात धुऊन घेणं म्हणजे लाभ उठवणं, बरोबर उलटं. झटकण्याला आपण हात वर करतो. 'कीप ॲन आय ऑन माय बॅग' म्हणजे लक्ष ठेव, पण 'बॅगेवर डोळा ठेव' म्हटलं तर चोरच झाला. आणि घुबड! तिकडे ते शहाणपणाचं, आपल्याकडे घराच्या छपरावर बसलं की आजी हाकलते. अशा जोडांची वही वेगळी ठेवा. यात मुलं सर्वांत जास्त चुकतात, आणि हुशार मुलं आधी चुकतात, कारण ती मराठीवरून अंदाज बांधतात.

याउलट काही जोड असे जुळतात की अंगावर काटा येतो. 'ॲपल ऑफ माय आय' घ्या, म्हणजे जिवापाड लाडकं माणूस. जुन्या इंग्रजीत डोळ्याच्या बाहुलीला ॲपल म्हणत. बाहुलीला आजचा इंग्रजी शब्द प्युपिल, तो लॅटिनमधून आला आणि त्याचा तिथला अर्थ छोटी बाहुली. आपणही बाहुलीच म्हणतो. का, ते वर्गात करून बघा. दोन मुलांना समोरासमोर, नाकाला नाक लागेल इतकं जवळ, खिडकीच्या उजेडात बसवा आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघू द्या. काळ्या गोलात आपलीच इवली मूर्ती दिसते. माझ्या वर्गात हे केलं तेव्हा एक मुलगी ओरडली, "सर, हिच्या डोळ्यात मी शे!" विद्यार्थ्यालाही इंग्रजीत प्युपिलच म्हणतात, शब्दाचं कूळ एकच. मी त्या दिवशी पुढचा धडा घेतला नाही.

भुसावळकर

सर, काल मुलाला समोर बसवून डोळ्यांत बघितलं. दिसलो मी. यादी चालूच आहे आमची, पण झोपण्याआधी दहातला एक आता प्रसंगासकट घेतो.

तापीकाठची

आज पोळा झाला. तीन आठवडे तुम्ही सगळ्यांनी जे दिलंत त्यातलं घरी काय झालं ते सांगायला आले.

सकाळी बैल धुऊन आणले, शिंगांना रंग लावला, झूल चढवली. बागाईतदार काका, तुमचा प्रतिसाद मी आबांना वाचून दाखवला होता. त्यांनी लेकीला गोठ्यात बोलावलं, सर्जाचा जबडा धरला आणि खालचा ओठ खाली ओढून दात दाखवले. "मोज." तिने मोजले, आठ. "जुळला," आबा म्हणाले. मग शेजारच्या गोऱ्ह्याचे दाखवले, मोठे दोनच, बाकी दुधाचे. तिने हात न धुता पळत येऊन वहीत दोन तोंडं काढली आणि खाली इंग्रजी वाक्य लिहिलं. स्पेलिंग दोन ठिकाणी चुकलं आहे, ते मी उद्या सांगेन.

दुपारी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिने चुलतभावाला विचारलं, "आबांनी आज नारळ वाढवला, म्हणजे काय केलं?" तो म्हणाला, "झाडाला खत घातलं?" हिने मावशींनी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं, बांगडीपासून दुकानापर्यंत. तो खरंच लक्ष देऊन ऐकत होता, मधेच थांबवून 'येते' म्हणजे जाते का, असंही विचारलं. मग ही अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "सर्जाच्या झुलीवर आबांनी तुझं नाव लिहिलंय, पुढच्या वर्षी मिरवणुकीत तूच धरायचा त्याला." तो उडाला. "खरं?" आणि ही म्हणाली, "आय ॲम पुलिंग युवर लेग." पाय एकच म्हणाली. तो हसला, ही पण हसली. मी पुरणाचा हात तसाच धरून दारात उभी होते.

आबांनी ते ऐकलं आणि संध्याकाळी खरंच झुलीच्या कोपऱ्यावर त्याचं नाव घातलं.

सर, तिच्या फसव्या जोडांच्या वहीत आता सहा झाले आहेत. घुबडावरून तिने आज 'नाइट आउल' शोधला, रात्री उशिरापर्यंत जागणारा. आबांना विचारलं, आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात? ते म्हणाले, "रातले पानी भरनारा." रात्री वीज येते म्हणून रात्रभर बांधावर उभं राहणारी माणसं तिने पाहिली आहेत, त्यामुळे तिने तेच उजवीकडे काढलं, हातात बॅटरी धरलेला माणूस. पण डाव्या बाजूची जागा अजून कोरी आहे. तुमच्याकडे कुणाच्या घरी, कुठल्याही बोलीत, यासाठी शब्द असेल तर सांगा. ती विचारतेय.